फुकट मालिका बघायला ‘एपीके’ लागत नाही

सिडकोतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून तोच मेसेज फिरतो: ‘सगळ्या मराठी मालिका फुकट, फक्त ही एपीके फाइल टाका.’ एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप टाकायची फाइल. मागोमाग कुणीतरी ज्ञान पाजळतंच, की फुकट बघायचं तर हाच एक मार्ग, बाकी सगळीकडे पैसे मोजा.

साफ चूक. प्रसारभारतीचं ‘वेव्हज’ हे अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ पासून सुरू आहे. त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत. अ‍ॅमेझॉन एमएक्स प्लेअर आहे, यूट्यूबवर वाहिन्यांचे स्वतःचे अधिकृत चॅनल आहेत. पैसे जाहिरातदार देतो, आपण मुकाट जाहिराती बघतो. सगळ्या नव्या मालिकांचे पूर्ण भाग तिथे मिळत नाहीत, एवढं मात्र खरं.

आता ती एपीके. पंचवटीत राहणाऱ्या मावशीने ती टाकायला घेतली होती. टाकताना आधी ‘अज्ञात स्रोत’ (प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप टाकू देणारी सेटिंग) चालू करायला लागलं, मग त्या अ‍ॅपने थेट एसएमएस वाचायची परवानगी मागितली. मालिका दाखवायला एसएमएस कशाला हवेत? बँकेचा ओटीपी तिथेच येतो ना! मावशी म्हणाली, “अरे, मला तर काल हुकलेला भाग बघायचा होता फक्त.” फाइल तिथल्या तिथे उडवली.

आणि फुकट म्हणजे नेटही फुकट नव्हे. एचडीत तासाभरात एखादा जीबी सहज जातो. तिच्या फोनवर क्वालिटी एचडीपेक्षा कमी, ४८० करून दिली. चष्मा न लावता बघते, तिला फरक कळलेला नाही.