व्हॉल्व्ह उशिरा का मिटतो?

उभ्या गाडीचं इंजिन धडधडत, अडखळत चालत असेल तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) दमदार असणार, हा समज मोटारप्रेमींमध्ये घट्ट रुजला आहे. त्या अडखळण्याचं कारण ओव्हरलॅप. इनटेक (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (जळालेला वायू बाहेर सोडणारा) दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहतात, आणि इंजिन मंद चालत असताना जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो. ताकद आवाजावरून मोजायची ही सवय सोडायलाच हवी.

खरी गंमत इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याच्या क्षणात आहे. शाळेतल्या आकृतीत पिस्टन तळाला पोचला की हा व्हॉल्व्ह मिटतो. प्रत्यक्षात पिस्टन परत वर निघतो, क्रँकशाफ्ट आणखी ५०-६० अंश फिरतो, तरी व्हॉल्व्ह उघडाच! मग आत आलेली हवा बाहेर ढकलली जात नाही का? ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) पिस्टन वरून खाली ५ मिलिसेकंदांत येतो. एवढ्यात इनटेकच्या नळीतली हवा जोरात धावू लागलेली असते. हवेलाही वस्तुमान आहे. पिस्टन थांबला तरी जडत्वामुळे ती आत घुसतच राहते. उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह ही जादा हवा कोंडून घेतो. ८०० आरपीएमला मात्र त्याच प्रवासाला ३७.५ मिलिसेकंद लागतात. हवा संथ असते, आणि वर येणारा पिस्टन तिला इनटेकच्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, परत लोटतो. सिलिंडर अर्धवट भरतो, टॉर्क (फिरवण्याचा जोर) घटतो.

म्हणजे मिटण्याचा एक ठरावीक क्षण वेगाच्या एकाच पट्ट्याला मानवतो. होंडाने १९८९ मध्ये व्हीटेक आणलं ते यासाठीच: कमी आणि जास्त वेगाला कॅमशाफ्टवरचे वेगवेगळे लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे.

रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ ४००० आरपीएमच्या खालीच धावते. तिच्यात लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त काळ उघडा ठेवणारा) रेसिंग कॅम बसवला, तर रोजच्या वेगातला टॉर्क जातो आणि व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक बूस्टरही दुबळा पडतो. जुन्या पुशरॉड इंजिनासाठी (ज्यात कॅम लांब दांड्यांमार्फत व्हॉल्व्ह उघडतो) मी हायड्रॉलिक रोलर टॅपेटच निवडेन. टॅपेट म्हणजे लोबवर टेकून त्याची हालचाल पुढे पोचवणारा भाग. सपाट टॅपेट लोबवर घासत सरकतो. लोबचा चढ फार उभा केला तर त्याची कडा लोबमध्ये रुतते. रोलरला उभा चढ चालतो. त्यामुळे मिटण्याचा क्षण पुढे न ढकलताही व्हॉल्व्ह झटकन आणि जास्त उघडतो. हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबाने फट स्वतःच भरून काढतो, म्हणून वारंवार टॅपेट सेटिंग करावं लागत नाही. स्प्रिंग मात्र त्या कॅमला जुळणाऱ्याच घ्याव्यात, नाहीतर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह लोबचा पाठलाग सोडून तरंगू लागतो.