रुबीत थ्रेड वाढवून फायदाच नाही? अर्धवट माहिती आहे ही
रुबी या प्रोग्रामिंग भाषेत जीव्हीएल (ग्लोबल व्हीएम लॉक) नावाचं लॉक आहे, एका वेळी एकच थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधला कामाचा वेगळा धागा) चालतो, मग प्युमा या वेब सर्व्हरमध्ये थ्रेड वाढवून काय मिळणार, हे नवीन आलेल्या पोरांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता नीट सांगतोच. ते लॉक फक्त रुबी कोड चालवताना लागतं. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघताना किंवा बाहेरच्या एपीआयला (दुसऱ्या सेवेला) कॉल गेलेला असताना थ्रेड ते सोडून देतो आणि तेवढ्यात दुसरा थ्रेड पुढची रिक्वेस्ट उचलतो, आणि वेब अ‍ॅपमध्ये असं वाट बघणंच भरपूर असतं ना.

पटत नसेल तर आयआरबीत (रुबी कोड लगेच चालवून बघायचं टूल) 5 थ्रेड बनवून प्रत्येकात स्लीप 1 (1 सेकंद थांब) टाका आणि सगळे जॉइन करा, म्हणजे सगळे संपेपर्यंत थांबा, 5 नाही, साधारण 1 सेकंदच लागतो. त्याच जागी जड आकडेमोड टाकली तर मात्र फायदा शून्य, तिथे प्युमाचे वर्कर वाढवा, प्रत्येक वर्कर वेगळी प्रोसेस असते आणि तिचं लॉकही वेगळं.

थ्रेड भरमसाठ पण नकोत, लॉकसाठी ताटकळतात, म्हणूनच 2024 च्या रेल्स (रुबीचं वेब फ्रेमवर्क) 7.2 मध्ये प्युमाच्या थ्रेडचा डीफॉल्ट आकडा 5 वरून 3 केला. आणि डेटाबेस पूल (डेटाबेसच्या कनेक्शनचा साठा) थ्रेडइतका तरी ठेवाच, नाहीतर कनेक्शन टाइमआउटचे एरर येतात.