लिनक्स की ग्नू/लिनक्स: श्रेयाचं राहू द्या, प्रोग्राम चालतो का ते बघा

“अँड्रॉइड म्हणजे शेवटी लिनक्सच.” “लिनक्स सामान्य माणसापर्यंत पोहोचलंच नाही.” “जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात.” ही तीन वाक्यं एकच माणूस एकाच गप्पांत बोलतो आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. तसं प्रत्येक वाक्य आपापल्या जागी ठीक आहे. पाचशेचं तर नोव्हेंबर २०१७ पासून शब्दशः खरं आहे. अडचण एवढीच की पहिल्या वाक्यातलं लिनक्स म्हणजे नुसता कर्नल, सिस्टीमचा सगळ्यात आतला गाभा, आणि दुसऱ्यातलं म्हणजे त्यावर उभी असलेली, उबुंटूसारखी अख्खी सिस्टीम. सोयीनुसार कधी हे, कधी ते.

यावर भांडणारे लोकही भलत्याच मुद्द्यावर भांडतात. कर्नलभोवतीचं बरंचसं सॉफ्टवेअर ग्नू नावाच्या प्रकल्पातून आलं, म्हणून कुणी “ग्नू/लिनक्स म्हणा” असा आग्रह धरला की समोरचा लगेच श्रेयाचा हिशेब काढतो. ग्नूचा कोड किती, कर्नलचा किती, मग पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडोचं नाव का नको, सेवा सुरू करणाऱ्या सिस्टीमडीचं का नको, फायरफॉक्सने काय घोडं मारलंय? ओळी मोजून नाव ठरवायचं तर नाव पानभर होईल, हे मला मान्य आहे. पण “ग्नू/लिनक्स” हे नाव श्रेयावाचूनही उपयोगी आहे. ते एका तपासून बघता येणाऱ्या गोष्टीचं नाव आहे. ती गोष्ट सांगायची असेल तेव्हा ते वापरावं, एरवी नाही.

उबुंटू किंवा मिंट अशा डिस्ट्रो (लिनक्स कर्नलवर बांधलेल्या तयार सिस्टीम) वापरणाऱ्यांना कर्नल काय करतो हे नव्याने सांगत नाही. मेमरी वाटणं, प्रोसेस चालवणं, डिस्क आणि नेटवर्कशी बोलणं; प्रोग्रामला काही हवं असेल तर त्याने सिस्टीम कॉल करून मागायचं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलं ते हे. त्याच्या आठ वर्षं आधी, सप्टेंबर १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखी पण मुक्त अशी अख्खी सिस्टीम बांधायची घोषणा केली होती, तिचं नाव ग्नू. कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करणारा), शेल (टाइप केलेल्या आज्ञा घेणारा), एडिटर, छोट्यामोठ्या आज्ञा हे बरंचसं १९९१ पर्यंत झालं होतं. कर्नल तेवढा नव्हता. (त्यांचा स्वतःचा कर्नल, हर्ड, अजूनही रोजच्या वापरापर्यंत आलेला नाही.) टोरवाल्ड्स यांनी आपलं काम पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हाच सांगितलं होतं की त्यावर बॅश हा शेल आणि जीसीसी हा कंपायलर चालताहेत. दोन्ही ग्नूचे. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत मात्र “लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम कोणी तयार केली?” याला चार पर्याय आणि एकच उत्तर असतं.

आता मूळ मुद्दा. उबुंटूवर सी भाषेत एक साधा प्रोग्राम लिहा, जीसीसीने नेहमीसारखा कंपाइल करा आणि तयार झालेली फाइल उचलून अल्पाइन या दुसऱ्या डिस्ट्रोवर न्या. प्रोसेसर तोच, कर्नलही लिनक्सच. फाइल चालवा. शेल म्हणेल, “नॉट फाउंड”. फाइल तर समोर दिसतेय, चालवायची परवानगीही आहे, तरी सापडत नाही. या एका संदेशापायी लोक अर्धा दिवस घालवतात आणि शेवटी अल्पाइनला नावं ठेवतात. सापडत नाही ती तुमची फाइल नव्हेच. प्रोग्राम सुरू करायच्या आधी कर्नल त्याच फाइलीत लिहून ठेवलेला लोडर (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी मेमरीत आणून जोडणारा) शोधतो, आणि तो लोडर ग्लिबसीचा, म्हणजे ग्नूच्या सी लायब्ररीचा (प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार कोडच्या संचाचा) असतो. अल्पाइनमध्ये ग्लिबसी नाही. तिथे मसल नावाची दुसरी सी लायब्ररी आहे आणि रोजच्या आज्ञा बिझीबॉक्स नावाच्या एकाच छोट्या प्रोग्राममधून येतात. ग्लिबसीचं सोंग घेणारं जीकॉम्पॅट नावाचं पॅकेज टाकून कधीकधी भागतं, पण ते ठिगळ आहे.

म्हणजे प्रोग्राम ज्यावर भिस्त ठेवतो त्यात कर्नल हा एक थर झाला. त्याच्या वर सी लायब्ररी आणि लोडर हा दुसरा थर. बहुतेक प्रोग्राम कर्नलशी थेट बोलतच नाहीत, सगळं या दुसऱ्या थरातून जातं. त्यामुळे “हे लिनक्सवर चालतं का?” हा प्रश्न अपुरा आहे. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांचा दुसरा थर एकच, ग्लिबसी. अल्पाइनचा मसल. अँड्रॉइडचा बायोनिक, जो गूगलने अँड्रॉइडसाठी बनवला. तिन्हींखाली लिनक्स आहे, पण ग्नू फक्त पहिल्याच्या पोटात आहे. “ग्नू/लिनक्स” याचा मी घेतो तो अर्थ एवढाच.

कंपायलरवाल्यांनी हा वाद केव्हाच मिटवलेला आहे, कारण त्यांना मिटवल्यावाचून काम करता येत नाही. कुठल्या सिस्टीमसाठी कोड बनवायचा हे कंपायलरला सांगताना “लिनक्स” एवढंच लिहून भागत नाही. लिनक्स-ग्नू, लिनक्स-मसल किंवा लिनक्स-अँड्रॉइड असं लिहावं लागतं. विश्वास नसेल तर आपल्या उबुंटूतल्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये डोकावा. प्रोसेसरचं नाव, मग लिनक्स, मग ग्नू अशा नावाचा फोल्डर तिथे आहे. पायथनवाल्यांनाही अनुभवाने हेच शहाणपण आलं. तयार पॅकेजांवर आधी “मेनीलिनक्स” असा शिक्का असायचा, तो ग्लिबसीसाठी. अल्पाइनवर ती पॅकेजं चालेनात म्हणून २०२१ मध्ये “मसललिनक्स” हा वेगळा शिक्का आला. डाउनलोडच्या पानांवर “लिनक्ससाठी उपलब्ध” लिहिणाऱ्यांना हे दोन शब्द भिंतीवर लावून द्यावेत. त्यातही ग्लिबसीची आवृत्ती हा आणखी एक ताप: नव्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम जुन्या सर्व्हरवर नेला की तो “ग्लिबसी अमुक आवृत्ती सापडली नाही” म्हणून हात वर करतो. तिथेही कर्नलला कुणी विचारलेलं नसतं.

उलट दिशेने बघा, मग शंकाच उरत नाही. विंडोज १० मध्ये २०१६ साली डब्ल्यूएसएलची, म्हणजे विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालवायच्या सोयीची, पहिली आवृत्ती आली. तिच्यात लिनक्सचा कर्नल नव्हताच. विंडोजचाच कर्नल लिनक्सचे सिस्टीम कॉल ऐकून उत्तरं देत होता आणि वर उबुंटूच्या जशाच्या तशा फाइली चालत होत्या. बॅश, ग्लिबसी, पॅकेजं बसवणारं ॲप्ट सगळं जागेवर. कर्नलचं नाव विचारणारी युनेम ही आज्ञा दिली तर ती बिनदिक्कत “लिनक्स” म्हणायची. साफ खोटं! लिनक्स नसलेलं उबुंटू होतं ते. दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने खरा कर्नल आत घातला, आणि वापरणाऱ्या बऱ्याच जणांना फरक जाणवला तो वेगात आणि डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारं साधन) चालण्यात. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली असं कुणी म्हटलं नाही.

डॉकरचं नाव निघालंच आहे, तर तिथला गोंधळ सगळ्यात महागात पडतो. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा बंद डबा, इमेज म्हणजे त्याचा साचा. या इमेजमध्ये कर्नल नसतो. उबुंटूच्या सर्व्हरवर अल्पाइनचा कंटेनर चालवून आत युनेमने कर्नलची आवृत्ती विचारा, बाहेरच्या उबुंटूचीच आवृत्ती येईल. तरी “कंटेनरमधला कर्नल अपडेट करून घ्या” असे ईमेल मी पाहिलेत, खाली भारदस्त हुद्द्यांच्या सह्या असलेले.

सुरक्षेत हा फरक किती कामाचा आहे ते दोन जुन्या भोकांवरून कळतं. सप्टेंबर २०१४ मध्ये शेलशॉक उघडकीला आलं. बातम्यांत ते “लिनक्समधील त्रुटी” म्हणून फिरलं. भोक होतं बॅशमध्ये. म्हणून लिनक्सचा ल नसलेल्या मॅकवरही ते होतं, आणि लिनक्स कर्नलवर चालणाऱ्या अँड्रॉइडमध्ये मुळात बॅशच येत नसल्याने तो त्यातून सुटला. मग २०१६ मध्ये डर्टी काऊ आलं. हे खुद्द कर्नलमधलं भोक. उबुंटूलाही लागलं, अल्पाइनलाही आणि अँड्रॉइडलाही, मॅकला नाही. दोन्ही “लिनक्समधल्या त्रुटी”, आणि कोणाकोणाला लागल्या त्याच्या दोन्हींच्या याद्या वेगळ्या. आपल्याला पॅच लावायचा की नाही हे ज्याला ठरवायचंय त्याला हा शब्द काडीचीही मदत करत नाही.

मराठी वाचकांसाठी एक प्रयोग. उबुंटूत मराठीचं लोकेल (भाषा आणि तारखेच्या पद्धतीचा संच) तयार करा, ते निवडा आणि डेट ही आज्ञा द्या. वार आणि महिना मराठीत येतो, सोमवार, जानेवारी वगैरे. हे मराठी कर्नलला येत नाही. फाइलीला “लग्नपत्रिका” असं नाव दिलंत तरी कर्नलच्या लेखी ते नाव म्हणजे साधारणपणे नुसती बाइटांची माळ असते. महिन्यांची नावं, तारखेची मांडणी, शब्दांचा वर्णक्रम हे सगळं ग्लिबसीच्या मराठी लोकेलमध्ये आहे. अल्पाइनच्या कोऱ्या इमेजमध्ये हेच करून बघा, तारीख इंग्रजीतच राहते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. गनोम आणि केडीई ही डेस्कटॉपची रूपं. “मी केडीई ऑपरेटिंग सिस्टीम वापरतो” म्हणणाऱ्याला माफ करा आणि पुढे चला. फोनच्या खोक्यावर हायपरओएस किंवा वन यूआय लिहिलेलं असतं ते अँड्रॉइडवरचं त्या त्या कंपनीचं बांधकाम. युनिक्स हा ट्रेडमार्क आहे, मॅकओएसकडे त्याचं प्रमाणपत्र आहे. फ्रीबीएसडीवाले या भानगडीत पडतच नाहीत, कारण त्यांचा कर्नल आणि त्यावरची मूळ सिस्टीम एकाच घरात, एकाच सोर्समध्ये वाढते. त्यांच्याकडे तिरप्या रेघेची गरज नाही.

तिरपी रेघ मला आवडते. डेबियनने ती सगळ्यात नीट वापरली: ग्नू/लिनक्स, ग्नू/हर्ड, आणि २०११ मध्ये तर फ्रीबीएसडीचा कर्नल घेऊन ग्नू/केफ्रीबीएसडीसुद्धा. डावीकडे वरचा थर, उजवीकडे कर्नल. पुढे केफ्रीबीएसडी मागे पडलं, पण नाव देण्याची ती पद्धत अचूक होती.

मग म्हणायचं काय? बोलताना आपल्या डिस्ट्रोचं नाव घ्या. “डेबियन १२” म्हटलं की कर्नल, ग्लिबसी, पॅकेजांची पद्धत सगळं एका दमात कळतं. गप्पांत “लिनक्स” चालेल, समोरच्याला मध्येच तोडून दुरुस्त करणं हा असभ्यपणा आहे. कागदोपत्री, म्हणजे नोकरीची जाहिरात, निविदा, सॉफ्टवेअरच्या अटी यांत मात्र नेमकं लिहा. “लिनक्सवर चालणारं सॉफ्टवेअर” अशी अट घातलीत आणि कुणी अँड्रॉइडचं ॲप आणून ठेवलं, तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

“स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम”च्या बातम्याही याच चाळणीतून काढाव्यात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं बॉस डेबियनवर उभं आहे. संरक्षण मंत्रालयाचं माया उबुंटूवर. २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या आवारातून आलेलं भारओएस अँड्रॉइडच्या मुक्त सोर्सवर. तिन्हींचा कर्नल लिनक्स. पण बॉसवरचा प्रोग्राम मायावर चालण्याची आशा धरता येते, भारओएसवर नाही. बातमी देणाऱ्याने सिस्टीम देशी की परकी या चर्चेच्या आधी एवढी एक ओळ दिली तरी वाचकाला पुष्कळ कळेल.

सध्या एक नवं प्रकरण आहे. उबुंटू २५.१० मध्ये ग्नूच्या कोअर आज्ञांच्या जागी रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेल्या आज्ञा आल्या, आणि “आता उबुंटूला ग्नू म्हणायचं कशाला?” असा प्रश्न आला. माझ्या कसोटीने उत्तर सोपं आहे. फाइलींची यादी दाखवणारी एलएस ही आज्ञा कुणी लिहिलीय याने तुमचा कंपाइल केलेला प्रोग्राम अडत नाही. लोडर ग्लिबसीचाच आहे, फोल्डरच्या नावात ग्नू तसंच आहे. उबुंटूने उद्या मसल घेतलं, तर मात्र मी ते नाव खोडेन.