०.६ मीटर उंचीवरून मारलेली उडी

२०१४ साली ‘इथॉलॉजी’ या प्राणिवर्तनशास्त्राच्या नियतकालिकात माशांच्या जोडीदार-निवडीवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातील एका वाक्यात, कंसामध्ये, ‘इथे त्या रद्दड निबंधाचा संदर्भ द्यायचा का?’ असा प्रश्न दुसऱ्या एका संशोधकाच्या नावानिशी छापला गेला होता. लेखकांची ही आपापसांतली टीप छपाईपर्यंतच्या कोणत्याही टप्प्यावर कोणी काढून टाकली नाही. वाचकांनी दाखवून दिल्यावर मजकूर दुरुस्त झाला. ही चूक निदान निरुपद्रवी होती.

‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ या शब्दप्रयोगाबद्दल तसे म्हणता येत नाही. अशी कोणतीही सूक्ष्मदर्शन-पद्धत अस्तित्वात नाही. १९५९ मधील एका जीवाणूविषयक लेखाच्या पानावर शेजारच्या दोन स्तंभांत ‘व्हेजिटेटिव्ह’ आणि ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ हे शब्द समोरासमोर आले होते, आणि संगणकीय प्रत तयार होताना ते एका ओळीत जोडले गेले. पुढे हा निरर्थक प्रयोग अनेक नव्या निबंधांत उमटला. तो वाचून प्रथम हसू येते. पण लिहिणाऱ्याने, तपासणाऱ्याने आणि संपादकानेही ते वाक्य समजून घेतले नसावे, हे लक्षात आले की काळजी वाटू लागते.

हेतुपुरस्सर केलेला विनोद मात्र वाचकाकडून नेमक्या याच लक्षपूर्वक वाचनाची अपेक्षा ठेवतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चा नाताळचा अंक अशा लेखनासाठी प्रसिद्ध आहे. २००३ मध्ये गॉर्डन स्मिथ आणि जिल पेल यांनी त्यात असे मांडले की, पॅराशूटमुळे जीव वाचतो हे सिद्ध करणारी एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी (सहभागींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून केलेली तुलना) आजवर झालेली नाही. प्रत्येक उपचारासाठी अशा चाचणीचा हट्ट धरणाऱ्यांना त्यांनी दिलेले ते उत्तर होते, आणि पुढे चाचण्या टाळण्याचे समर्थन म्हणूनही त्याचा वापर होऊ लागला.

२०१८ मध्ये रॉबर्ट येह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चाचणी खरोखरच घेतली. २३ जणांपैकी काहींच्या पाठीवर पॅराशूट, तर उरलेल्यांच्या पाठीवर रिकामी पिशवी बांधून त्यांना विमानातून उडी मारायला लावली. दोन्ही गटांत मृत्यू किंवा गंभीर इजा शून्य. सारांशातील निष्कर्षाचे पहिले वाक्य एवढेच वाचणाऱ्याला पॅराशूट निरुपयोगी वाटेल. विमान जमिनीवर उभे होते आणि उडीची सरासरी उंची ०.६ मीटर होती, हे त्याच सारांशात स्पष्ट नोंदवलेले आहे. मला हा निबंध संशोधनपद्धतीवरील उत्तम लेखनापैकी एक वाटतो, कारण त्यातली गणिते आणि मांडणी नियमांबरहुकूम आहेत आणि दोष आहे तो केवळ सहभागी कोण झाले यात. एखादा उपचार गुणकारी असल्याची डॉक्टरांची आधीच खात्री असेल, तर ते गंभीर रुग्णांना उपचाराविना राहण्याचा धोका पत्करू देत नाहीत. मग चाचणीत कमी धोक्याचेच लोक उरतात आणि उपचाराचा परिणाम दिसेनासा होतो. ही अडचण खऱ्या औषधांच्या चाचण्यांतही येते.

काही निबंधांत मात्र विनोद मुळीच नसतो. तो शीर्षक पाहणाऱ्याला दिसतो. केरळ कृषी विद्यापीठातील के. पी. श्रीकुमार आणि जी. निर्मलन यांना भारतीय हत्तीच्या शरीराचे एकूण पृष्ठफळ काढण्याच्या सूत्राबद्दल २००२ चे गणिताचे इग नोबेल मिळाले. हा पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जातो. प्राण्याच्या अंगातील उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते, त्यामुळे एवढ्या अवाढव्य देहाचा चयापचय समजून घ्यायला त्वचेचे क्षेत्रफळ माहीत असावे लागते. जिवंत हत्तीची सगळी कातडी मोजत बसणे अवघड असल्याने या दोघांनी उंची आणि पुढच्या पायाचा घेर या दोन मापांवरून ते काढण्याचा मार्ग दिला.