प्लेसमेंट सेल नेमका कुणाशी बोलतो?

प्रवेशाचा हंगाम आला की चौकाचौकांत इंजिनिअरिंग कॉलेजांचे फ्लेक्स लागतात आणि त्यांवर सर्वांत ठळक असतो तो पॅकेजचा आकडा. मुलांना नोकरीला लावणाऱ्या कार्यालयाच्या, म्हणजे प्लेसमेंट सेलच्या नावाने हा मजकूर झळकतो, पण तो लिहिलेला असतो पालकांसाठी.

सुरुवात अशी नव्हती. ऑक्सफर्ड विद्यापीठाने 1892 मध्ये नेमणुकांसाठी समिती काढली, तेव्हा काम होतं पदवीधरांची नावं मालकांपर्यंत पोचवण्याचं. म्हणजे ऐकणारा एकच, नोकरी देणारा. 1908 मध्ये बॉस्टनला फ्रँक पार्सन्स यांच्या व्होकेशन ब्युरोने तोंड तरुणाकडे वळवलं: आधी स्वतःला ओळख, मग कामं समजून घे, मग दोन्हींची सांगड घाल. मुंबई सरकारने 1950 मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केलं, ते याच वळणाचं.

महाराष्ट्रात गणित बदललं 1983 नंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली. आता कॉलेज चालणार होतं पालकांच्या फीवर. पुढे आयटी कंपन्या एकेका कॉलेजातून घाऊक भरती करू लागल्या आणि टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर, हे कॉलेजच्या जाहिरातीतलं वजनदार पद झालं. कंपनीच्या एचआरला हवी असते पात्र मुलांची यादी, मुलाला हवी असते तयारीची दिशा, पालकाला हवी असते फी वसूल होण्याची खात्री. तिघांना एकच माहितीपत्रक देण्याची सवय इथूनच लागली असावी.

त्यात ‘सरासरी’ फार सोयीची. दहांपैकी नऊ मुलांना 4 लाख आणि एकाला 44 लाख मिळाले तर सरासरी येते 8 लाख. तेवढा पगार मात्र एकालाही नसतो. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला तर 4 लाखच येतो. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने आलेल्या प्लेसमेंट अहवालाच्या मानकांत ठरलेला पगार आणि कामगिरीवरचा भत्ता वेगळे दाखवायला सांगितलं. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी मुंबईची ‘आस्की’ ही संस्था नोकरीच्या दाव्यांना पुरावा मागते. 2016 पासून निघणाऱ्या एनआयआरएफ, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीतही मोजला जातो तो पगाराचा मध्यकच. फ्लेक्सवर तो क्वचितच दिसतो.

विद्यार्थ्यांच्या वाट्याला उरते ती व्हॉट्सअॅप ग्रुपवरची भरती ड्राइव्हची सूचना: 60 टक्के हवेत, बॅकलॉग (राहिलेला विषय) नको. अट न बसणाऱ्याने पुढे काय करायचं, हे त्या सूचनेत नसतं.