फाइल केला एक रूट, हातात आला भलताच! असं का होतं आणि त्यावर काय करायचं

आमच्याकडून आयएफआर (म्हणजे उपकरणांच्या भरवशावर, कंट्रोलरच्या परवानगीनं उडायचे नियम) फ्लाइट प्लॅन करून घेणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन म्हणजे, "अहो तुम्ही एवढा सरळ रूट काढून दिलात आणि क्लिअरन्स डिलिव्हरीनं भलतंच काहीतरी वाचून दाखवलं, अर्धं पान भरलं माझं." क्लिअरन्स डिलिव्हरी म्हणजे निघण्याआधी रेडिओवर रूटची परवानगी, म्हणजे क्लिअरन्स, वाचून दाखवणारा कंट्रोलर. इंजिन चालू, इंधन जळतंय, मागे घरची मंडळी ताटकळतायत आणि हा बिचारा गुडघ्यावरच्या पॅडवर कधी न ऐकलेली नावं खरडतोय. म्हणून हे पत्रक. यातलं सगळं अमेरिकेतल्या उड्डाणांबद्दल आहे हां, दुसऱ्या देशात जसंच्या तसं लावायला जाऊ नका.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. कंट्रोलर तुमच्यावर डूख धरून बसलेला नसतो. बऱ्याचदा त्यानं तुमचा रूट बदललेलाच नसतो, तो फाइल झाल्यावर सेंटरच्या, म्हणजे मोठ्या हद्दीतली विमानं सांभाळणाऱ्या नियंत्रण केंद्राच्या, कॉम्प्युटरनं बदललेला असतो. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर अशी २० सेंटर्स आहेत, त्यांच्या खाली विमानतळांच्या आसपासची विमानं सांभाळणारे ठिकठिकाणचे अप्रोच कंट्रोल, आणि या सगळ्यांचे आपसात लेखी करार असतात की अमुक विमानतळाकडे जाणारं विमान आमच्या हद्दीत अमुक फिक्सवरून (नकाशावरचा नाव दिलेला ठरलेला बिंदू), अमुक उंचीवरच आलं पाहिजे. तुमचा प्लॅन त्या करारात बसला नाही की कॉम्प्युटर गपचूप त्याचा ठरलेला तुकडा तुमच्या रूटमध्ये घुसवतो. नकाशावर तुमची सरळ रेघ कितीही देखणी दिसू दे, एखाद्या मोठ्या विमानतळाची विमानं ज्या दारानं बाहेर काढतात त्याच दारानं तुम्ही आत शिरायला बघत असाल तर ती रेघ तुम्हाला मिळणार नाही, विषय संपला.

म्हणून आमची पद्धत साधी आहे, जे देणारच आहेत तेच मागायचं. एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) प्रेफर्ड रूटच्या, म्हणजे त्यांना पसंत असलेल्या रूटच्या, यादीत आधी बघायचं, पण नुसता रूट उचलून टाकायचा नाही, त्याच्यापुढे कोणत्या विमानांसाठी, कुठल्या उंचीला आणि किती ते किती वाजेपर्यंत तेही असतं, आणि ती वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे स्थानिक नव्हे तर जागतिक प्रमाणवेळेत असते, इथे भले भले फसतात. मोठ्या शहरांच्या आसपास टॉवर एनरूटचे ठरलेले रूट असतात, साधारण १०,००० फुटांच्या खाली उडणाऱ्या बिगरजेट विमानांसाठी, त्यात तुम्ही सेंटरकडे न जाता एका अप्रोचकडून दुसऱ्या अप्रोचकडे जाता. दक्षिण कॅलिफोर्नियात तर या रूटना विमानाच्या जातीप्रमाणे अक्षरं दिलीयेत, १८९ नॉट्स किंवा कमी क्रूझ असणाऱ्या बिगरजेटला क्यू, १९० किंवा त्याहून जास्तवाल्याला पी. तुमचं विमान क्यूमधलं आणि रूट टाकलात पीचा तर तो बदलून मिळणारच.

याच्या जोडीला फ्लाइटअवेअर किंवा फोरफ्लाइट या अॅपवर त्या दोन विमानतळांमध्ये आधी कुणाला काय रूट मिळालेत ते दिसतं. हे आमच्या मते सगळ्यात कामाचं, पण बघताना तुमच्यासारखं विमान आणि तुमच्या जवळपासची उंची बघा. ३५,००० फुटांवरून गेलेल्या जेटचा रूट ८,००० वरच्या पिस्टनला काय उपयोगाचा?

प्रेफर्ड रूट नसेल आणि लांबचं डायरेक्ट टाकायचं असेल तर प्रत्येक सेंटरच्या हद्दीत निदान एक पॉइंट द्या, आणि तो आधीच्या सेंटरच्या सीमेपासून २०० नॉटिकल मैलांच्या आत हवा. सुरुवात आणि शेवट डायरेक्ट ठेवू नका, डिपार्चर प्रोसीजर (विमानतळावरून बाहेर पडायचा ठरलेला मार्ग) जिथे संपते त्या फिक्सपासून सुरू करा आणि स्टार (विमानतळाकडे यायचा ठरलेला मार्ग) असेल तर तो लिहा, मधलं सरळ बहुतेक पचून जातं. प्रोसीजर नकोच असेल तर रिमार्क्समध्ये तसं स्पष्ट टाकायचं.

उपकरणांचे कोड! २०१९ पासून इकाओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) फ्लाइट प्लॅन फॉर्म सक्तीचा झाला आणि तेव्हापासून ही डोकेदुखी वाढलीय. विमानात झकास जीपीएस आहे पण दहाव्या रकान्यात जी आणि आर नाही, अठराव्यात पीबीएनचे (विमान किती अचूक मार्ग धरू शकतं ते सांगणारे) कोड नाहीत, मग कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही आरनॅव्ह नसलेले, म्हणजे कुठल्याही बिंदूकडे थेट जाता न येणारे, आणि मग जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांना जोडणाऱ्या व्हिक्टर एअरवेजवरून वळसे घेत बसा. नवीन बॉक्स बसवलात की आम्हाला कळवा, प्लीज, आम्हाला स्वप्न पडत नाही.

आता जरा गंभीर. आम्ही प्लॅन फाइल केला आणि तुम्हीही टॅबलेटवरून दुसरा केलात, असं करू नका. कंट्रोलरसमोर एक प्लॅन, तुमच्या मांडीवर दुसरा, तो म्हणतो "क्लिअर्ड अॅज फाइल्ड" (फाइल केल्याप्रमाणे परवानगी), तुम्ही मान डोलावता, आणि हवेत गेल्यावर दोघं दोन दिशांना. रूटमध्ये काहीही बदल केला असेल तर संक्षिप्त क्लिअरन्सवर समाधान मानू नका, पूर्ण रूट वाचून दाखवायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि अॅज फाइल्डमध्ये तुम्ही फाइल केलेली उंची येत नाही, ती वेगळी सांगतात, ती वेगळी लिहून घ्या.

एवढं करूनही रूट बदलून आला तर? आधी नीट उतरवून घ्या, वाचून दाखवा, मग नकाशावर टाकून बघा, टॅक्सी करता करता नाही, थांबून. इंधन परत मोजा, जायच्या ठिकाणापर्यंतचं, गरज असेल तर तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि वर ४५ मिनिटांचं, हे त्या नव्या रूटवर बसत नसेल किंवा एकाच इंजिनाच्या विमानाला मोठ्या पाण्यावरून नेत असतील तर "अनेबल" (जमणार नाही) म्हणायचं आणि कारण सांगायचं. दुसरा काही रूट देतील, कदाचित थोडं थांबवतील. डिलिव्हरीवाल्याशी वाद घालून मात्र उपयोग नाही, त्याच्या हातात फारसं नसतं. नुसतं लांब पडतंय म्हणून कुरकुर असेल तर उडा, गर्दीच्या हद्दीतून बाहेर पडा आणि मग सेंटरकडे डायरेक्ट मागा, पुष्कळदा हसत हसत देतात. वादळांच्या दिवसांत मात्र आशा ठेवू नका.

क्लिअरन्स मिळाला की फाइल केलेला कागद मागे पडला, जीपीएसमध्ये मिळालेलाच रूट भरा. रेडिओ बंद पडला तरी शेवटी मिळालेल्या क्लिअरन्सचाच रूट धरायचा असतो, फाइल केलेला सगळ्यात शेवटी येतो.

आणि एक विनंती, प्रत्येक उड्डाणानंतर तुम्हाला प्रत्यक्ष मिळालेला रूट, उंची आणि निघाल्याची वेळ आम्हाला पाठवा, पॅडचा फोटो चालेल, अक्षर कसंही असू दे. पुढच्या वेळी तोच फाइल करून देतो.