पार्श्वभूमी : ‘पत्करणे’ आणि १९५०चा आदेश

बाप्तिस्मा घेतला म्हणून वडिलोपार्जित हिस्सा जाणार नाही, हे १८५०च्या २१व्या कायद्याने ठरले. संसार मात्र कायद्याने राखता येत नव्हता. जोडीदाराने धर्मांतरामुळे सहा महिने पाठ फिरवली तर १८६६च्या कायद्याखाली विवाह मोडण्याचा दावा करता येई. न्यायाधीश त्या जोडीदाराला नांदणार का असे विचारी, वर्षभर थांबे, पुन्हा विचारी. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानेही धर्मांतरिताचा स्वतःचा हक्क ठेवला, पण बाप्तिस्म्यानंतर जन्मलेली मुले वारसा खुला होताना हिंदू नसतील तर हिंदू नातलगांचे वारस होत नाहीत.

नगर भागातल्या महार-मांग ख्रिस्ती घरांना याहून जड गेला तो १० ऑगस्ट १९५०चा अनुसूचित जाती आदेश. त्याचा तिसरा परिच्छेद म्हणतो की हिंदूखेरीज अन्य धर्म ‘प्रोफेस’ करणारा अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध आत घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले.

सगळा पेच ‘प्रोफेस’ या क्रियापदात आहे. मराठीत आपण सरळ ‘धर्म मानणे’ म्हणतो, पण मानणे मनातल्या मनातही होते. प्रोफेस करणे म्हणजे चारचौघांत सांगणे. मराठी बायबलात त्याला जवळचा शब्द आहे ‘पत्करणे’. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात ख्रिस्त शिष्याकडून नेमके तेच मागतो. म्हणजे शिष्याचे पहिले कर्तव्य आणि सवलत जाण्याचे कारण एकच कृती ठरते. येशूला गुपचूप भजणाऱ्याचा जातीचा दाखला शाबूत राहतो, अर्जात ‘ख्रिस्ती’ लिहिणाऱ्याचा जातो. हा भार प्रामाणिक माणसावरच पडतो, आणि तो अन्याय आहे.

१९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धर्मांतरानंतर जात टिकली एवढे दाखवून भागत नाही, नव्या समाजातही तेवढेच मागासलेपण सिद्ध करावे लागेल. त्याच न्यायालयाच्या २०२४च्या निकालात बाप्तिस्मा आणि नियमित चर्चला जाणे हा ख्रिस्ती असल्याचा पुरावा धरला गेला आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही घटनेशी फसवणूक ठरली.

महाराष्ट्रात जात पडताळणीत हे प्रत्यक्ष दिसते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा असतो. शाळा मिशनची असेल तर जातीच्या रकान्यात नुसते ‘ख्रिस्ती’ सापडते आणि प्रकरण अडते, नातवाचा बाप्तिस्मा झालेला नसला तरी. हिंदू धर्मात परतलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या निकालानुसार तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : मूळ जात, मूळ धर्मात खरोखर परतणे, आणि जातबांधवांनी स्वीकारणे. तिसरीचा कागद मिळवणे सर्वांत कठीण.

न परतणाऱ्यांसाठी राज्यात इतर मागासवर्गाची वाट आहे, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा लागते. अनुसूचित जातींच्या राखीव मतदारसंघातून त्यांना उभे राहता येत नाही, आणि जातीवरून मारहाण झाली तरी १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळत नाही.